कुष्ठरोगावर चालणारं झाड भाऊ दाजींना सापडलं होतं, पण त्याचं नाव त्यांनी जगाला सांगितलंच नाही

निंदण करताना बोटाला विळा लागला, तर वऱ्हाडातली बाई लगेच दवाखाना गाठत नाही. धुऱ्यावरची कंबरमोडी उपटते, पाला तळहातावर चोळते आणि त्याचा रस जखमेवर पिळते. वरून लुगड्याची चिंधी बांधली की पुन्हा कामाला लागते.

हीच कंबरमोडी आता अमरावती आणि अकोल्याच्या कॉलेजांमधल्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये पोचली आहे. सोबत गाजरगवत, तरोटा, आघाडा, रुई, धोत्रा हेही आलेत. शेतकऱ्याच्या लेखी ही सगळी काढून फेकायची तणं. लॅबमध्ये मात्र ती धुऊन सावलीत वाळवतात, मिक्सरमध्ये पूड करतात, पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. मग काचेच्या पसरट बशीत जिलेटिनसारखा दिसणारा अगारचा थर ओततात, त्यावर जंतू पसरवतात, थराला छोटे खड्डे पाडून त्यात अर्काचे थेंब टाकतात. बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली जाते.

सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसला, म्हणजे तिथले जंतू वाढले नाहीत. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा. शेजारच्या खड्ड्यात नुसतं अल्कोहोल टाकलेलं असतं, आणखी एकात बाजारातलं अँटिबायोटिक. नुसत्या अल्कोहोलभोवतीही तेवढाच गोल आला, तर पाल्याचं श्रेय शून्य.

इथपर्यंतचं काम एमएस्सीचा विद्यार्थी एका सत्रात करतो. घोडं अडतं ते पुढे. बशीत जंतू फिनाइलनेही मरतात, म्हणून कुणी फिनाइल पीत नाही. माणसाच्या अंगात तो अर्क किती जावा, तिथे तो टिकतो का, यकृताला काय करतो, आणि एकाने बरा केलेला रोगी दुसऱ्या डॉक्टरच्या हातून बरा होतो का, या प्रश्नांपाशी बहुतेक तणांची गाडी थांबते.

महाराष्ट्रात एका माणसाची गाडी मात्र १५० वर्षांपूर्वी यातल्या शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली होती. तेव्हा अगारची बशी नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं. जंतूमुळे रोग होतो हेही अजून सिद्ध व्हायचं होतं. त्या माणसाचं नाव मुंबईतल्या म्युझियमवर आहे, माटुंग्याच्या रस्त्यावर आहे. पण ते नाव घेतल्यावर झाड कुणाला आठवत नाही.

डॉ. भाऊ दाजी लाड.

खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. १८२० च्या दशकात गोव्याच्या पेडणे भागात मांद्रे इथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील मातीच्या बाहुल्या विकायचे. पोरगा बुद्धिबळात मात्र वस्ताद होता. त्याचा खेळ एका इंग्रज साहेबाने पाहिला आणि या मुलाला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांना गळ घातली. वडिलांनी ते ऐकलं. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊंनी इतकी बक्षिसं आणि स्कॉलरशिप मिळवल्या, की शिक्षणाचा भार घरावर फारसा पडलाच नाही. वडील गेल्यावर ते तिथेच मास्तर झाले.

काठेवाडात मुली जन्मल्या की त्यांना मारून टाकायची प्रथा होती. त्यावरच्या निबंध स्पर्धेत भाऊंनी बक्षीस पटकावलं आणि न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या नजरेत ते भरले. त्याच सुमारास, १८४५ मध्ये, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. बक्षिसाचे पैसे फीला लावून भाऊ मास्तरकी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले.

१८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली. अवघे आठ जण. त्यात भाऊ दाजी होते, पुढे प्रार्थना समाज काढणारे आत्माराम पांडुरंग होते आणि जे. सी. लिस्बोआ नावाचे गोव्याचे गृहस्थ होते. या लिस्बोआंनी पुढे मुंबई इलाख्यातल्या गवतांचा अभ्यास केला. डॉक्टर माणूस गवतं कशाला मोजत बसेल, असं आज वाटतं. पण त्या काळी औषधशास्त्र म्हणजे निम्मं वनस्पतिशास्त्रच होतं. बाटलीतलं जवळपास प्रत्येक औषध कुठल्या ना कुठल्या झाडातून आलेलं असायचं आणि डॉक्टरला ते झाड ओळखता यावं लागायचं.

भाऊंनी धाकटे भाऊ नारायण दाजी यांच्या सोबतीने मुंबईत गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना काढला. नारायणही ग्रँटमध्येच शिकलेले डॉक्टर. दोघांना कॅमेऱ्याचंही वेड होतं. फोटोग्राफी हिंदुस्थानात नुकतीच आली होती, त्या काळात हे दोघे काचेच्या प्लेटा घेऊन हिंडत होते. भाऊंची प्रॅक्टिस जोरात चालली. श्रीमंत घरांतून बोलावणी यायची, फीही तशीच मिळायची.

मिळालेला पैसा मात्र तिजोरीत राहत नव्हता. त्याचा मोठा भाग जुनी हस्तलिखितं, नाणी आणि ताम्रपटांवर जायचा.

भाऊ दाजींची ही दुसरी बाजू वऱ्हाडाला थेट लागून आहे. १८६० च्या दशकात त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांमधले शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. त्यात सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा लेख होता. वाकाटकांची ही शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. वऱ्हाडातून राज्य करणाऱ्या या घराण्याचा इतिहास उलगडायला भाऊंच्या त्या वाचनाची मदत झाली. गिरनारच्या रुद्रदामनाचा लेख, कालिदासाचा काळ, आर्यभटाचे खरे ग्रंथ कोणते, या सगळ्यांवर त्यांनी निबंध लिहिले.

या कामाची त्यांची पद्धत लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तीच कळीची ठरते. लेखाचा ठसा घ्यायचा, अक्षरं लावायची, मूळ पाठ आणि भाषांतर दोन्ही एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापायचं. कुणाला पटलं नाही तर त्याने लेण्यात जाऊन स्वतः वाचावं. पुढच्या पंडितांनी तसं केलंही, आणि भाऊंच्या चुका दुरुस्त केल्या. हा कारभार सगळा उघड्यावरचा होता.

औषधाच्या बाबतीत हाच माणूस नेमका उलटा वागला.

त्या काळच्या मुंबईत कुष्ठरोगी रस्त्यावर दिसायचे. बोटं झडलेली, नाक बसलेलं, घरच्यांनी बाहेर काढलेलं. त्यांच्यासाठी माटुंग्याचं मोठं आश्रयस्थान निघालं ते १८९० मध्ये, भाऊ गेल्यानंतर १६ वर्षांनी. त्याआधी देवळाची पायरी नाहीतर धर्मशाळेचा कोपरा. डॉक्टरी विद्येकडेही फार काही नव्हतं. १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्यभरातून माहिती गोळा करून अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा, की हा रोग संसर्गाने होत नाही, तो प्रकृतीचा आणि रक्ताचा दोष आहे. म्हणजे जंतू मारायचा विचारच नाही, कारण जंतू आहे हेच मान्य नव्हतं.

भाऊंनी दुसरा दरवाजा ठोठावला. संस्कृत त्यांना उत्तम येत होतं. जुन्या वैद्यक ग्रंथांमध्ये ज्या औषधांचे गोडवे गायलेत, ती खरंच चालतात का हे रोग्यांवर तपासून पाहायचं त्यांनी ठरवलं. ग्रंथात आहे म्हणून खरं, असं त्यांनी मानलं नाही. आणि ग्रंथातलं आहे म्हणून भाकड, असं म्हणणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांचंही ऐकलं नाही. त्या काळात हे मधलं ठिकाण फार एकाकी होतं. वैद्यांना हा साहेब वाटायचा आणि साहेबांना वैद्य.

सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचं तेल सांगितलंय. हे झाड कुठे मिळेल, याचा पत्ताही दिलाय, पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यालगतची जमीन. पावसाळ्यात फळं गोळा करायची, बिया वाळवायच्या, तेल काढायचं, इथपर्यंत सविस्तर सूचना आहेत.

पश्चिम समुद्राचा किनारा म्हणजे भाऊंचं गावच की!

कोकण, गोवा आणि खाली केरळपर्यंतच्या रानात हे झाड आपोआप वाढतं. मराठीत त्याला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात, गोव्याकडे खष्ट. आपण ज्याची चटणी करतो त्या कवठाशी याचा काही संबंध नाही. तपकिरी, लवदार, सफरचंदाएवढं फळ, आत गरात रुतलेल्या टोकदार बिया. माणूस हे फळ खात नाही. मासे गुंगवून पकडायला ते पाण्यात टाकतात. किनाऱ्यावरच्या घरांमध्ये मात्र खरूज, नायटा, चिघळलेलं गळू यावर याचं तेल लावायची रीत जुनी होती. थोडक्यात, कोकणासाठी कडू कवठ म्हणजे वऱ्हाडाची कंबरमोडी. कुणी लावलेली नाही, कुणी विकत घेत नाही, पण घरातल्या म्हातारीला ठाऊक आहे.

१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाऊ दाजी कुष्ठरोग्यांवर एक औषध वापरू लागले. ते तेल होतं. गुण येतोय, ही बातमी मुंबईत पसरली. चट्टे फिके पडले, गाठी बसल्या, बधिर कातडीला स्पर्श कळू लागला, असे रोगी दिसू लागले. लांबून लोक येऊ लागले. वर्तमानपत्रांत, डॉक्टरांच्या वर्तुळात चर्चा सुरू झाली.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न होता, औषध कशाचं आहे?

भाऊंनी ते सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, यावर तर्कच करता येतात. एक तर्क असा, की पुरती खात्री होण्याआधी नाव फोडायचं नव्हतं. कुष्ठरोगात हे शहाणपणाचंही आहे. हा रोग वर्षानुवर्षं रेंगाळतो, काही रोग्यांचे चट्टे औषधाशिवायही आपोआप विरतात, आणि बरा झाला म्हणावं तो दोन वर्षांनी पुन्हा दारात उभा राहतो. दहा रोगी सुधारले म्हणून डंका पिटावा, असा हा रोग नाही. नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बाजारात कडू कवठाचं भेसळ तेल बाटलीबंद मिळालं असतं, हेही खरं.

दुसरा तर्क पैशाचा. भाऊंची परिस्थिती तेव्हा पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि याची मुळं पुन्हा वऱ्हाडाच्या काळ्या मातीत सापडतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. अमरावती, खामगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला आणि शहराला शेअरचं वेड लागलं. शहाणी माणसंही त्यात उतरली, भाऊ दाजीही उतरले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि भाऊंना मोठा आर्थिक फटका बसला. ज्याचा खिसा रिकामा झालाय, त्याने हाती आलेलं गुणकारी औषध झाकून ठेवलं, तर लोक काय म्हणणार ते उघड आहे. लोक तसंच म्हणाले.

पण या माणसाचा बाकीचा हिशेब पाहिला, तर नुसता लोभ हे उत्तर पुरत नाही. धर्मार्थ दवाखाना त्यांचाच. मुलींच्या शाळेला पाठबळ त्यांचंच. बॉम्बे असोसिएशनच्या उभारणीत आणि कारभारात ते पुढे होते. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात, वैष्णव महाराजांच्या विरोधात, डॉक्टर म्हणून साक्ष द्यायला ते उभे राहिले. त्यात व्यवसायाचं नुकसान होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

तिसरं एक कारण संभवतं, आणि ते जास्त पटतं. वैद्यकीच्या परंपरेत गुणाचं औषध गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून पोराकडे जातं. चारचौघांत सांगितलं तर औषधाचा गुण जातो, असं आजही खेड्यापाड्यात म्हणतात. कावीळ उतरवणारा मुळी कुठली ते सांगत नाही. भाऊ शिलालेखांच्या बाबतीत युरोपियन पद्धतीने वागले आणि औषधाच्या बाबतीत वैद्यासारखे.

हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. त्यांचा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहता येईना. डॉक्टर मंडळींना गुण दिसत होता, पण मोजता येत नव्हता. किती थेंब, किती दिवस, कुठल्या अवस्थेतला रोगी, ताज्या बियांचं तेल की जुन्या, यातलं काही छापून आलं नाही. आज अमरावतीच्या लॅबमधल्या पोराला सर पहिली गोष्ट हीच सांगतात, की झाडाचं शास्त्रीय नाव, कुठून आणलं ते ठिकाण, अर्काचं प्रमाण हे लिहिलं नसेल तर बाकीचा कागद रद्दी. अजिंठ्याच्या भिंतीवरचं अक्षर न् अक्षर छापणाऱ्या भाऊंना हे कळत नव्हतं, असं म्हणणं अवघड आहे.

तिकडे नॉर्वेत बर्गेन शहरात हान्सन नावाचा तरुण डॉक्टर कुष्ठरोग्यांच्या गाठीतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. १८७३ मध्ये त्याला त्यात काड्यांसारखे बारीक जंतू दिसले. त्याच वर्षी मुंबईचा एक डॉक्टर बर्गेनला त्याच्याकडे गेला होता, हेन्री व्हँडाइक कार्टर. डॉक्टरकी शिकणारे विद्यार्थी ज्या ग्रेज् अ‍ॅनाटॉमीवर डोळे फोडतात, त्या पुस्तकातली चित्रं या कार्टरचीच. तो ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा. कुष्ठरोग जंतूने होतो, ही नवी गोष्ट हिंदुस्थानात आणणाऱ्यांत तो पहिला.

हान्सनचं निरीक्षण १८७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी मे महिन्यात भाऊ दाजी वारले. शेवटचा काळ अर्धांगवायूने अंथरुणात गेला होता. वयाची पन्नाशी जेमतेम झाली होती. आपलं तेल नेमकं कशाला मारतंय, हे त्यांना कळायला आणि जगाला कळायला सुरुवात व्हायला, अशी चुकामूक झाली.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईतली झाडपाल्याची औषधं पुस्तकांत उतरू लागली. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातल्या औषधींची यादी छापली. मग विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर मोठे ग्रंथ लिहिले. भाऊ दाजींचं ते गुपित म्हणजे कडू कवठाचं तेल, ही गोष्ट अशी हळूहळू कागदावर आली.

मधल्या काळात कलकत्त्याकडे याच कुळातल्या पूर्वेकडच्या झाडाचं, चालमोगऱ्याचं, तेल वापरात आलं होतं. फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये त्यावर लिहिलं होतं. मोआट यांनी लिहून ठेवलं म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी चालमोगरा मागवला. तरीही घोळ झालाच. बाजारात चालमोगरा म्हणून येणारं बी नेमकं कुठल्या झाडाचं, हे जवळपास ५० वर्षं चुकीचं सांगितलं जात होतं. कलकत्त्याच्या डेव्हिड प्रेन यांनी १९०० च्या सुमारास ती चूक पकडली. झाडाचं नाव चुकलं की सगळा शोध कसा भरकटतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

खरी उकल लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत झाली. फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ आणि १९०५ मध्ये या तेलांमधली दोन आम्लं वेगळी केली. एकाला चालमोगऱ्याचं नाव मिळालं, दुसऱ्याला हिड्नोकार्पिक आम्ल म्हणतात. हिड्नोकार्पस म्हणजे आपलं कडू कवठ. पाच कार्बनचं एक कडं आणि त्याला लांब शेपूट, अशी या आम्लांची ठेवण आहे. नेहमीच्या खाद्यतेलात असं कडं नसतं.

मग १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वॉकर आणि स्वीनी यांनी या आम्लांची जंतूंवर चाचणी केली. अकोल्याच्या लॅबमध्ये तरोट्याची करतात, तसलाच प्रश्न घेऊन. निकाल चमत्कारिक होता. क्षय आणि कुष्ठरोगाच्या कुळातले, मेणचट कवच असलेले जंतू या आम्लांनी मरत होते. बाकीच्या साध्या जंतूंना त्यांनी ढिम्म होत नव्हतं. म्हणजे भाऊंनी हे तेल घरच्या बशीत कुठल्याही सामान्य जंतूवर तपासलं असतं, तर निरुपयोगी म्हणून फेकून दिलं असतं! रोग्यावर तपासलं म्हणूनच गुण दिसला.

यात आणखी एक मेख आहे. कुष्ठरोगाचा जंतू आजही बशीत वाढत नाही. आपल्या पोटातला ई-कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, कुष्ठरोगाच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात, तेही जिवंत शरीरातच. म्हणून वॉकर आणि स्वीनींना त्याच्या भाऊबंदांवर चाचणी करून समाधान मानावं लागलं.

तेल अंगात घालायचा प्रश्न वेगळाच होता. प्यायलं तर मळमळून ओकारी यायची, कित्येक रोगी औषध सोडून पळायचे. सुईने टोचलं तर कातडीखाली गाठी होऊन ठणकायचं. हवाईतल्या अ‍ॅलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने १९१५ च्या सुमारास त्या आम्लांना असं रूप दिलं, की ते टोचल्यावर अंगात शोषलं जावं. १९१६ च्या अखेरीस ती २४ व्या वर्षी वारली. तिचं काम कॉलेजच्या प्रमुखाने स्वतःच्या नावावर छापलं आणि तिला श्रेय मिळायला अनेक दशकं गेली. भाऊंनी आपली पद्धत छापली नाही, अ‍ॅलिसची दुसऱ्याने छापली.

त्यानंतर २५-३० वर्षं हीच इंजेक्शनं कुष्ठरोगाचा मुख्य उपचार होती. त्यांना मर्यादा होत्या. लवकर आलेल्या रोग्याला फायदा व्हायचा, जुन्या रोग्याला बेताचाच, आणि रोग उलटायचाही. तरी त्याआधी काहीच नव्हतं. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा देशात या तेलाचंच युग होतं आणि डॅप्सोन नुकतं दार वाजवत होतं. डॅप्सोन आलं, पुढे १९८१ मध्ये तीन औषधांचा एकत्र उपचार आला, आणि तेलाच्या बाटल्या कपाटात गेल्या. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कडू कवठाचं तेल घरी आणून पिण्याची गरज कुणालाच नाही, ते पोटाला त्रासच देईल.

पण भाऊंचं तेल खरंच चालत होतं का, हा प्रश्न रेंगाळत राहिला. कारण थेट कुष्ठरोगाच्या जंतूवर त्याची चाचणी अजून झालीच नव्हती. १९६० मध्ये शेपर्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला हा जंतू उंदराच्या तळपायात वाढवता आला, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. लुई लेव्ही यांनी या आम्लांची त्या उंदरांवर चाचणी घेतली आणि निष्कर्ष १९७५ मध्ये छापला. आम्लांनी कुष्ठरोगाच्या जंतूची वाढ रोखली होती.

भाऊ दाजी जाऊन तेव्हा १०१ वर्षं झाली होती. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९७५ ला, भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम त्यांच्या नावाचं झालं. हे म्युझियम उभं राहावं म्हणून वर्गणी गोळा करण्यापासून भाऊ राबले होते. ते १८७२ मध्ये उघडलं, म्हणजे त्यांना डोळ्यांनी पाहता आलं. कोकणातल्या रानात पावसाळ्याच्या तोंडाला कडू कवठाची फळं अजूनही खाली पडतात. बहुतेक तशीच कुजून जातात.